कुणबिणी, कोर्ट आणि रखमाबाई

नमस्कार, श्रोतेहो. गुलामगिरी म्हटलं की आपल्याला अमेरिकेतले कापसाचे मळे आठवतात. इतक्या लांब कशाला जायचं? पेशवे दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, नोंदी आहेत. बाईवर शिंदळकीचा आळ आला आणि तो शाबीत झाला, की बाई सरकारजमा. मग तिची रवानगी पागेत, कोठीत, नाहीतर एखाद्या गडावर. दळणकांडण करायचं, जनावरांचं शेण काढायचं, बांधकामावर राबायचं. तिला विकत, बक्षीस म्हणूनही देत. पैसे भरून किंवा बदली दुसरी बाई देऊन सुटल्याच्याही नोंदी आहेत. त्याच प्रकरणातला पुरुष मात्र बहुधा दंड भरून घरी जाई. आणि ब्राह्मण बाईला सहसा कुणबीण करत नसत. शिक्षासुद्धा जात बघून!

इंग्रज आले, पण लगेच काही झालं नाही. ब्रिटिश पार्लमेंटनं १८३३ साली गुलामी बंद करणारा कायदा केला, भरपाईपोटी २ कोटी पौंड मोजले (गुलामांना नव्हे हो, मालकांना!) आणि कंपनी सरकारचा मुलूख त्यातून वगळला. इथला कायदा आला १८४३ साली. त्यानं कुणाच्या हातात सुटकेचा कागद दिला नाही. गुलामावरचा मालकी हक्क कोर्ट मानणार नाही, एवढंच म्हटलं. म्हणजे कुणबीण निघून गेली, तर तिला परत आणायला मालकाला कोर्टाची मदत मिळायची नाही. माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला तो पुढे, १८६० च्या दंडसंहितेत.

आता त्याच मुंबई इलाख्यातला दुसरा दावा बघा. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी झालं होतं. त्या नांदायला जाईनात, म्हणून नवरा दादाजी भिकाजी १८८४ मध्ये कोर्टात गेला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूनं निकाल दिला, अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला: नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. कुणबिणीला मालकाकडे परत पाठवायला कोर्टानं ४४ वर्षांपूर्वीच नकार दिला होता. बायकोला नवऱ्याकडे पाठवायला मात्र त्याची तयारी होती. तुरुंग पत्करीन, म्हणाल्या बाई. अखेर १८८८ साली २ हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परतल्यावर सुरत-राजकोटला वर्षानुवर्षं दवाखाना सांभाळला.

तो तुरुंग आता नाही. पण नांदायला येण्याचा दावा १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून आजही आहे. आता तो बायकोही लावू शकते, आणि हुकूम पाळला नाही तर मालमत्तेवर जप्ती येऊ शकते.