त्या बाहुल्यांसाठी लागलेली रांग

आज डोपिंगवर बोलायचंय, पण खेळाडूंबद्दल कमी आणि स्टँडमध्ये बसणाऱ्यांबद्दल जास्त, कारण माझ्या मते खरी गोष्ट तिथेच आहे.

मॅनी रामिरेझ. 2009 साली लॉस एंजेलिसच्या डॉजर्स या बेसबॉल टीमचा सगळ्यात लाडका बॅटर, लांब जटा, 99 नंबरची जर्सी. तो लेफ्ट फील्डला उभा राहायचा त्याच्या मागच्या सीट्सना क्लबने 'मॅनीवूड' असं नावच देऊन टाकलं होतं, 99 डॉलरला दोन तिकिटं आणि वर टीशर्ट, लोकं त्याच्यासारखे जटांचे विग घालून येऊन बसायची. मे महिन्यात बातमी आली की तो ड्रगच्या नियमात अडकलाय, 50 मॅचची बंदी. औषध कुठलं तर एचसीजी, जे बायकांना फर्टिलिटीच्या ट्रीटमेंटमध्ये देतात आणि स्टेरॉइडचा कोर्स संपला की शरीरातलं टेस्टोस्टेरॉन परत चालू करायला काही खेळाडू वापरतात. मॅनीवूड बंद झालं. आता सगळं संपलं असं वाटेल ना?

जुलैत तो परत आला. 22 जुलैला डॉजर स्टेडियममध्ये 'मॅनी बॉबलहेड नाइट' होती, म्हणजे आत येणाऱ्यांना मॅनीचा डोकं डुलणारा छोटा बाहुला फुकट, आणि स्टेडियम फुल्ल, 56 हजार माणसं. आदल्या दिवशी हाताला बॉल लागल्यामुळे तो बाकावर बसलेला, सहाव्या इनिंगला स्कोअर 2-2, तिन्ही बेस भरलेले, त्याला पिंच हिटर, म्हणजे दुसऱ्याच्या जागी बदली बॅटर म्हणून पाठवला आणि पहिल्याच बॉलवर त्याने ग्रँडस्लॅम मारला, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असताना होमरन, आपल्या सिक्सरसारखा बॉल थेट प्रेक्षकांत, तोही मॅनीवूडमध्ये. लोकांनी तो बॅटिंगला उतरला तेव्हाच डोक्यावर घेतलेलं, नंतर तर विचारूच नका. बंदीला जेमतेम अडीच महिने झाले होते हो.

आता गंमत नाही, मला मनापासून खुपणारी गोष्ट सांगतो. हेच ते स्टेडियम जिथे दोनच वर्षांपूर्वी सॅन फ्रान्सिस्कोचा बॅरी बॉंड्स बॅटिंगला आला की लोकं तारांकनाचे बोर्ड धरून ओरडायची, की तुझ्या होमरनना फुली, तू स्टेरॉइडवाला. आणि सॅन फ्रान्सिस्कोत? तिथे 7 ऑगस्ट 2007 ला त्याने 756 वा होमरन मारून करिअरमधल्या सर्वाधिक होमरनचा हँक ॲरनचा रेकॉर्ड मोडला तेव्हा जल्लोष. आपला तो बाब्या, दुसऱ्याचा तो कार्टा, आपल्याकडची म्हण लॉस एंजेलिसलाही जशीच्या तशी लागू पडते. म्हणजे डोपिंगचा राग खोटा नाहीये, पण तो राग टीमच्या रंगावर ठरतो.

आणि फॅन कधीच उठून जात नाही असंही नाही बरं का. ऑगस्ट 1994 मध्ये खेळाडूंनी संप केला, वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनची फायनलच रद्द झाली, 1904 नंतर पहिल्यांदा, आणि पुढच्या सीझनला दर मॅचची सरासरी गर्दी साधारण 20 टक्क्यांनी पडली. लोकं रुसली, पैसे द्यायची बंद झाली. मग 1998 ला, स्टेरॉइडच्या ऐन जमान्यात, मार्क मॅग्वायरने 70 आणि सॅमी सोसाने 66 होमरन मारले आणि ती रुसलेली गर्दी परत खेचून आणली. मला वाटतं कारण सरळ आहे, संपाने त्यांच्या हातातून खेळ काढून घेतला, स्टेरॉइडने त्यांना जास्त खेळ दिला, मग कशाला कोण उठेल?

डिसेंबर 2007 मध्ये बेसबॉलमधल्या डोपिंगच्या चौकशीचा मिचेल रिपोर्ट आला, त्यात 89 खेळाडूंची नावं, आणि नुकत्याच संपलेल्या त्या सीझनला मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, विक्रमी गर्दी, जवळपास 8 कोटी.

हे फॅन मूर्ख आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. जर्सीच्या पाठीवर खेळाडूचं नाव असतं पण छातीवर टीमचं असतं, आजोबांपासून घरात तीच टीम चालत आलेली असते, तर एका माणसाच्या इंजेक्शनसाठी कोणी ती का टाकेल? सट्टेबाजीच्या प्रकरणातली दोन वर्षांची बंदी संपवून चेन्नई 2018 ला आयपीएलमध्ये परत आली, कावेरीच्या आंदोलनामुळे मॅचेस गहुंज्याला हलल्या, तर ट्रेन भरून पिवळ्या जर्सीवाले पुण्यात आलेच की.

क्लबना हे पक्कं माहीत असतं. 2013 ला मिलवॉकीच्या रायन ब्रॉनवर 65 मॅचची बंदी आली तेव्हा क्लबने ऑगस्टमधल्या घरच्या मॅचेसना येणाऱ्या प्रत्येकाला 10 डॉलरचं व्हाउचर दिलं, खाण्यावर, तिकिटावर नाहीतर टीमच्या दुकानात वापरा. पुढच्या वर्षी ब्रॉन पहिल्या मॅचला उतरला आणि अख्खं स्टेडियम उभं राहिलं.

माझी तक्रार एवढीच आहे की या सगळ्यात जो इंजेक्शन न घेता खेळला आणि त्यामुळे मेजर लीगच्या दारातच अडकला, त्याचा बाहुला कोणी वाटत नाही. त्याची जागा जी गेली ती गेली. टेस्टिंग कडक झालं ते पत्रकारांमुळे आणि 2005 मध्ये अमेरिकन काँग्रेसने खेळाडूंना समोर बसवून प्रश्न विचारले म्हणून, तिकीट खिडकीवर गर्दी कमी झाली म्हणून नाही. 1995 ला त्याच फॅननी खिसा बंद करून दाखवला होता, तेव्हा त्यांना जमत नाही असं मला कोणी सांगू नये.