हरिहरेश्वरची बोट आणि सभागृहातला प्रश्न
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

देशाच्या सुरक्षेशी आमदाराचा काय संबंध, असं आपल्यातले बरेच जण म्हणतात. कोकणाला हे लागू पडत नाही.

१८ ऑगस्ट २०२२, दहीहंडीचा आदला दिवस. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला एक बेवारस बोट लागली. आत तीन एके-४७ आणि काडतुसं! मुंबईत अधिवेशन चालू होतं. श्रीवर्धनच्या आमदार अदिती तटकरे यांनी तातडीने तपासाची मागणी केली आणि त्याच दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सभागृहात माहिती दिली. बोट एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपला निघालेली. वाटेत इंजिन बिघडलं, आतल्या माणसांना कोरियन युद्धनौकेने वाचवलं, आणि रिकामी बोट वाहत वाहत आपल्याकडे आली.

घातपात नव्हता, ठीक. पण ती बिघडली जूनच्या शेवटी. १ जून ते ३१ जुलै आपल्याकडे मासेमारी बंद असते, छोट्या होड्या तर नारळी पौर्णिमेपर्यंत शाकारलेल्याच असतात. म्हणजे ज्या दिवसांत कोळ्यांचे डोळे समुद्रावर नसतात, नेमकी तेव्हाच ती वाहत होती. किनाऱ्याजवळची गस्त राज्याच्या सागरी पोलिसांची, पुढे तटरक्षक दल, त्यापलीकडे नौदल. यातलं पहिलं कडं राज्याचं आहे, म्हणून त्याबद्दल आमदाराने विचारायलाच हवं.

याच तालुक्यातल्या शेखाडीला १९९३ मध्ये आरडीएक्स उतरलं. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं गेली. माल उतरू देणाऱ्यांत कस्टम्सचे अधिकारी होते, हे कोर्टात सिद्ध झालं. नुसत्या स्पीडबोटी वाढवून हे थांबत नाही, याचा मला आजही राग येतो.

परराष्ट्र धोरणाचंही तसंच. पालघरचे कितीतरी खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या तुरुंगात अडकतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये पाकिस्तानी गोळीबारात त्यातला एक जण बोटीवरच मारला गेला. २००८ च्या करारानुसार दोन्ही देश दर १ जानेवारीला आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. त्या कोळीवाड्यात परराष्ट्र धोरण म्हणजे त्या यादीतलं नाव, आणि शिक्षा संपूनही घरी न आलेला माणूस.

वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ साली राजापूरमधून लोकसभेत गेले, तेव्हा शेजारचा गोवा अजून पोर्तुगिजांकडे होता. मतदारसंघाचं काम आणि देशाचं परराष्ट्र धोरण त्यांनी कधी वेगळं मानलं नाही. कोकणाच्या प्रतिनिधीकडून माझी अपेक्षा तेवढीच आहे.

आपल्या मंडळात आमदार-खासदार पाहुणे म्हणून येतात. आपण विमानतळाचं विचारतो, महामार्गाचं विचारतो. यापुढे आणखी दोन प्रश्न विचारू या: पावसाळ्यात सागरी पोलिसांच्या किती बोटी खरंच पाण्यात असतात? आणि कोकणातले किती खलाशी अजून त्या यादीत आहेत?