सांता मोनिकाचं पाणी आणि बारा मिनिटांची खिडकी

[दृश्य: समुद्रातला लाकडी धक्का, खांबांवर आपटणाऱ्या लाटा]

कॅलिफोर्नियात सांता मोनिकाच्या धक्क्यावर अमेरिकेच्या नोआ या सरकारी संस्थेचं भरती-ओहोटी मोजणारं केंद्र आहे. दर सहा मिनिटांनी पाण्याच्या पातळीची एक नोंद. 18 ऑगस्ट 2015, वेळ 00:00 : 2.064 फूट. सहा मिनिटांनी 2.116. मग 2.028. मग 2.126.

इन्फ्लक्सडीबी हा टाइम सिरीज डेटाबेस, म्हणजे वेळेनुसार येणाऱ्या नोंदी साठवणारा डेटाबेस, शिकताना अनेकांनी पहिली क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) याच आकड्यांवर चालवली, कारण त्याच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत सरावासाठी ते दिलेले होते. आपणही तेच घेऊ आणि एकच प्रश्न विचारू: दर बारा मिनिटांची सरासरी पातळी किती?

[दृश्य: काळा टर्मिनल, लुकलुकणारा कर्सर]

विचारायच्या वाटा बऱ्याच. टर्मिनलमध्ये क्वेरी टाइप करा, एचटीटीपी विनंती पाठवा, पायथनची लायब्ररी वापरा, नाहीतर आलेख दाखवणाऱ्या ग्राफानाच्या पॅनलमध्ये लिहा. क्वेरी तीच असेल तर डेटाबेसचं उत्तरही तेच येतं. फरक पडतो तो भाषेमुळे.

पहिली भाषा इन्फ्लक्सक्यूएल. दिसायला एसक्यूएल या डेटाबेसच्या सर्वात रुळलेल्या भाषेची सख्खी बहीण: सिलेक्ट मीन (मीन म्हणजे सरासरी), शेवटी ग्रुप बाय टाइम, बारा मिनिटं. उत्तर येतं: 00:00 ला 2.09, 00:12 ला 2.077. हाताने ताडून बघा, बरोबर आहे.

आता सुरुवात 00:06 पासून करू, 00:18 च्या आधी थांबू. बारा मिनिटांचाच तुकडा, म्हणजे एक ओळ यायला हवी. येतात दोन! 00:00 समोर 2.116 आणि 00:12 समोर 2.028.

[दृश्य: वेळेची आडवी रेघ, तिच्यावर सरकणारी चौकट]

कारण खिडक्या, म्हणजे सरासरीसाठी पाडलेले बारा-बारा मिनिटांचे तुकडे, आपल्या सुरुवातीपासून मोजल्या जात नाहीत. त्या घड्याळाला खिळलेल्या आहेत: 00:00, 00:12, 00:24. आपला तुकडा दोन खिडक्यांत अर्धा-अर्धा सापडला, आणि एकेका नोंदीलाच सरासरी म्हटलं गेलं. त्यातही पहिल्या ओळीवरची वेळ आपण मागितलेल्या वेळेच्याही आधीची. उपाय सोपा आहे. ग्रुप बाय टाइममध्ये सहा मिनिटांचा ऑफसेट (सरकवण्याचं अंतर) दिला की खिडकी 00:06 ला उघडते. पण चूक दिसायला हवी ना! क्वेरी कुठलाही एरर देत नाही, आकडेही पटण्यासारखे असतात. म्हणून मला ही चूक सर्वात घातक वाटते.

नोव्हेंबर 2020 मध्ये आलेल्या इन्फ्लक्सडीबीच्या दुसऱ्या आवृत्तीने फ्लक्स ही नवी भाषा पुढे आणली. एका पायरीचं उत्तर पुढच्या पायरीच्या हातात, अशी तिची रचना. इन्फ्लक्सक्यूएलला न जमणारे जॉइन, म्हणजे दोन तक्त्यांची जोडणी, तिला जमत. पण आपला प्रश्न तिच्या खिडक्या पाडणाऱ्या अ‍ॅग्रिगेटविंडोला विचारा: तेच 2.09 येतं, फक्त 00:12 च्या नावावर. इन्फ्लक्सक्यूएल खिडकीची सुरुवात लिहिते, फ्लक्स काही न सांगितल्यास शेवट. जुना डॅशबोर्ड फ्लक्समध्ये उतरवताना हे सुटलं, तर अख्खी भरती बारा मिनिटं उशिरा आलेली दिसते.

[दृश्य: आलेखावरच्या दोन लाटा, एक दुसरीच्या किंचित मागे]

तिसरी आवृत्ती रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिली गेली. तिच्यात एसक्यूएल आहे, इन्फ्लक्सक्यूएलही आहे, फ्लक्स नाही. ज्यांनी आपले सगळे अलर्ट मेहनतीने फ्लक्समध्ये बसवले होते, त्यांच्यासाठी हे फार जड गेलं असणार. एसक्यूएलमध्ये खिडक्या पाडणारं डेटबिन हे फंक्शन पुन्हा खिडकीची सुरुवात लिहितं, पण एक नवी गोष्ट सांभाळावी लागते. नोंदच नसलेल्या खिडकीची ओळ इथे येतच नाही. सेन्सर तासभर बंद असला तरी निकालात कुठे रिकामी जागा दिसत नाही. ती हवी असेल तर डेटबिन गॅपफिल मागावं लागतं.

[दृश्य: पुन्हा धक्का, तिरपं ऊन, फिरायला आलेली माणसं]

आणि सुरुवातीचं ते 00:00? डेटाबेस वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ठेवतो. धक्क्यावर तेव्हा 17 तारखेची संध्याकाळ होती, पाच वाजलेले. रोजची सर्वात मोठी भरती मागितली, तर डेटाबेसचा दिवस इथे, भर उन्हात बदलतो. इन्फ्लक्सक्यूएलच्या शेवटी टीझेड लावून लॉस एंजेलिसचा वेळ-विभाग दिला, की तो सात तासांनी, सांता मोनिकाच्या मध्यरात्री बदलतो.