लोकलच्या डब्यातले अर्थशास्त्र

श्रोतेहो, नमस्कार.

अर्थशास्त्र म्हटले की आपल्याला अर्थसंकल्प, महागाई आणि बँकांचे व्याजदर आठवतात, आणि आपल्या महाविद्यालयांत हा विषय ज्या रीतीने शिकवला जातो ती पाहता यात नवल नाही. आलेख पाठ करणाऱ्या मुलांना त्या आलेखांमागची माणसे कोणी दाखवतच नाही. या शास्त्राचा मूळ प्रश्न खरे तर साधा आहे. वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ असतील, तर ती कोणाला मिळणार हे कसे ठरते? पैशाने ठरते, हे एक उत्तर झाले. जिथे ते पैशाने ठरत नाही अशा एका ठिकाणाविषयी मी आज बोलणार आहे, आणि ते ठिकाण म्हणजे सकाळच्या गर्दीत कल्याणहून निघालेल्या जलद लोकलचा महिलांचा डबा.

सेकंड क्लासच्या पासाला बसणारी आणि उभी राहणारी सारखेच पैसे मोजते. याचा अर्थ बसण्याला किंमत नाही असा नव्हे, ती वेळात मोजावी लागते इतकेच. डोंबिवलीला राहणाऱ्या कित्येक जणी पास कल्याणपासूनचा काढतात, आधी उलट दिशेने कल्याण गाठतात आणि तिथून बसून येतात. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली वेळेच्या वाटपावर लिहिलेल्या निबंधात हेच मांडले होते, की वस्तूसाठी मोजलेले पैसे आणि तिच्यापायी गेलेला वेळ मिळून तिची किंमत होते. पैसे अधिक वेळ, हे लक्षात असू द्या.

ज्यांना एवढा वेळ काढता येत नाही, त्यांच्यासाठी डब्यात दुसरी व्यवस्था आहे. तुम्ही चढता आणि बसलेल्या बाईंना विचारता, "कुठे?" त्या म्हणतात, "घाटकोपर." तुम्ही म्हणता, "मला द्या हं." त्यांनी मान हलवली की घाटकोपरपासून ती जागा तुमची. पावती नाही, साक्षीदार नाही, आणि तरीही हा करार सहसा मोडत नाही.

एकदा मात्र तो मोडता मोडता राहिला, आणि त्या दिवशी मी डब्यात होते. खिडकीजवळच्या बाईंना डोंबिवलीला चढलेल्या एकीने विचारून जागा सांगून ठेवली. पुढे बाईंचा डोळा लागला. ठाण्याला आमच्याबरोबर चढलेल्या दुसरीने त्यांच्या खांद्याला हात लावून विचारले, बाईंनी अर्धवट झोपेत "घाटकोपर" म्हटले आणि मानही हलवली. जमिनीच्या व्यवहारात ज्याला दुबार विक्री म्हणतात, तीच ही. घाटकोपर आले, बाई उठल्या आणि दोघी एकदम पुढे सरकल्या. एक म्हणाली, "डोंबिवलीपासून माझी आहे." दुसरी म्हणाली, "मला त्यांनी स्वतः हो म्हटलंय." ज्यांनी खुलासा करायचा त्या बाई तोवर दारातल्या लोंढ्याबरोबर फलाटावर पोचल्या होत्या.

समोरच्या बाकावर चौथ्या सीटवर, म्हणजे अर्ध्या बाहेर आणि अर्ध्या आत, एक काकू मांडीवर पिशवी पसरून मटार सोलत होत्या. त्यांनी मान वर न करताच सांगितले, "ही आधी बोलली. मी ऐकलंय." एवढ्यावर पहिलीचा हक्क कायम झाला. दुसरी फारच हिरमुसली, तेव्हा काकू म्हणाल्या, "मी दादरला उतरते, माझी जागा घ्या." पण काकूंची जागाही एका कॉलेजच्या मुलीने सांगून ठेवली होती. ती मुलगी क्षणभर घुटमळली आणि मग म्हणाली, "घ्या तुम्ही, पण माझी सॅक मांडीवर धरायची, भायखळ्यापर्यंत." सौदा ठरला. घाटकोपरहून कुर्ला यायच्या आत दावा दाखल झाला, साक्ष झाली, निकाल लागला आणि हक्काचे हस्तांतरणही झाले. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० साली असे मांडले होते, की हक्क कोणाचा हे स्पष्ट असेल आणि बोलणी करायला फारसा खर्च येत नसेल, तर माणसे देवघेव करून आपसांत मार्ग काढतात. त्या मुलीने कोस वाचलेले असण्याची शक्यता कमीच. झोपलेल्या बाईंना मात्र पुढे बरेच दिवस, "जाग्या आहात ना? मग सांगा, कुठे?" असे विचारले जात असे.

आता प्रश्न असा, की हा करार पाळला का जातो? कारण त्याच बायका त्याच गाडीच्या त्याच डब्यात उद्या पुन्हा भेटणार असतात. आज शब्द मोडून मिळणारी जागा वीस मिनिटांची, आणि त्यापायी गमावलेला विश्वास पुढच्या सगळ्या सकाळींचा. पुन्हा सांगते, उद्या भेट होणार आहे म्हणून आज शब्द पाळला जातो. याची उलट बाजू पाहायची असेल, तर लांब पल्ल्याच्या गाडीचा जनरल डबा पाहावा. तिथे गाडी फलाटाला लागताच आत उड्या मारून बाक अडवणारे आणि पैसे घेऊन जागा देणारे लोक असतात. प्रवाशांची गाठ पुन्हा पडायची नसते, म्हणून तिथे शब्दाला मोल नाही; पैसा चालतो, नाहीतर मनगट. रविवारी सहकुटुंब फिरायला निघालेल्यांनी भरलेल्या लोकलमध्येही "मला द्या हं" फारसे ऐकू येत नाही. आणि खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवण्याची जी रीत एसटीत सर्रास चालते, तिला हक्क म्हणावे हे मला तरी अजून पटलेले नाही.

सामायिक वस्तू लोक स्वतःच नियम करून सांभाळू शकतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरच्या पाटपाण्यांचा आणि कुरणांचा अभ्यास करून दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. आपल्याकडे धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत त्याच जातीची. पाण्याची पाळी गावाने ठरवायची आणि पाटकऱ्याने ती राबवायची.

अशा नियमांचा जाच नवख्या माणसाला होतो, हेही सांगितले पाहिजे. डब्यातले ग्रुप आपल्या मैत्रिणींसाठी जागा राखतात, आणि नव्याने नोकरीला लागलेली मुलगी "कुठे?" विचारत फिरते तेव्हा तिला पाच ठिकाणी "सांगितलीय" हेच उत्तर मिळते. त्यातल्या दोन जागा खरोखर सांगितलेल्या असतील, तीन नसतील. चेहरा ओळखीचा होईपर्यंत तिला ते कळायला मार्ग नाही. अलीकडे काही कार्यालयांत आठवड्यातून दोन-तीन दिवसच जावे लागते, त्यामुळे रोजचे चेहरे रोज दिसेनासे झाले आहेत. माझा तर्क खरा असेल, तर त्या डब्यांत ग्रुपचा दबदबा कमी व्हायला हवा, आणि त्याबरोबर दिलेल्या शब्दाची खात्रीही. ज्या श्रोत्यांचा हा रोजचा प्रवास आहे, त्यांना तसे दिसते का, हे त्यांनी आम्हाला जरूर कळवावे. नमस्कार.