रंगपंचमी ते चैत्रगौर: एका घरातल्या कांजण्या

(दृश्य – राजवाड्यासमोरची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक. रंगात न्हालेली गर्दी. मग लोकमान्यनगरातलं एक शांत अंगण, दोरीवर वाळणारे रंगीत डागांचे कपडे.)

फाल्गुन वद्य पंचमी. इंदूरची खरी होळी ही. राजवाड्यासमोर गेर निघते आणि अख्खं शहर रंगतं.

या घरातली साडेचार वर्षांची मुलगी गेरीला गेली नव्हती. राजेंद्रनगरहून आलेल्या दोन आतेभावांबरोबर ती अंगणातच दिवसभर खेळली. संध्याकाळी अंग जरा गरम लागलं. जेवली नाही. आजी म्हणाली, "दमली आहे पोर. झोपू दे तिला."

सकाळी आंघोळ घालताना आईला तिच्या पोटावर पाच-सहा लाल ठिपके दिसले. रंग बाधला असेल, असंच वाटलं. खोबरेल लावून तिने फ्रॉक घातला. दुपारी पुन्हा पाहिलं, तर ठिपके वीसच्या वर गेले होते, आणि दोन ठिपक्यांवर पाण्याचा थेंब उभा राहिल्यासारखा दिसत होता.

(दृश्य – कागदावर काढलेलं चित्र: ठिपका, फोड, खपली.)

तो थेंब ओळखता आला पाहिजे. कांजण्यांची सुरुवात साध्या लाल ठिपक्याने होते. काही तासांत ठिपका उंच होतो, त्यात पाणी भरतं. पातळ कातडीचा, नितळ फोड. एक-दोन दिवसांत पाणी गढूळ होतं, मधोमध खळगा पडतो, खपली धरते. आणि हे सगळं एकाच वेळी होत नाही. तीन-चार दिवस नवे फोड येत राहतात. म्हणून तिसऱ्या दिवशी तळहाताएवढ्या जागेत ठिपका, फोड आणि खपली शेजारी शेजारी दिसतात. कांजण्यांची याहून पक्की खूण घरच्या घरी सापडणार नाही.

फोड पोट, पाठ, छाती, चेहरा इथे दाट असतात, हातापायांवर विरळ. केसांत बोटं फिरवून पाहा, डोक्यातही सापडतात. घामोळं डोक्याच्या केसांत असं पाणी धरत नाही. डास चावल्याच्या गांधी उघड्या अंगावर उठतात, झाकलेल्या पोटावर कमी. तळहात, तळपाय आणि तोंड इथेच फोड असतील, तर तो बहुधा हात-पाय-तोंडाचा वेगळा आजार असतो. गोवरात ताप जास्त, खोकला, लाल डोळे, आणि पुरळ कानामागून खाली उतरतं. त्यात पाणी नसतं.

(दृश्य – गल्लीतून ताट घेऊन जाणाऱ्या बायका. ताटात आदल्या दिवशीची पुरी, दहीभात.)

दुसऱ्या दिवशी सप्तमी. आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य, शेजारच्या भाभींच्या पंचांगात चैत्र कृष्ण, दिवस तोच. माळव्यात शीतला सप्तमी. चूल पेटत नाही, शिळं खायचं, देवीला थंड नैवेद्य. नेमक्या त्याच दिवशी घरात हे.

आजींनी आवाज उतरवला. "माता आली आहे. कुणाला बोलू नकोस. आणि घरात फोडणी द्यायची नाही."

हा दबका आवाज कुठून आला, ते समजून घेतलं की आजींवर रागावता येत नाही. त्यांच्या दंडावर देवीच्या रोगाची लस टोचल्याचा गोल व्रण आहे. त्यांच्या लहानपणी माता म्हणजे खरी देवी, जीव घेणारी, डोळे घेणारी, चेहऱ्यावर वण ठेवून जाणारी. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला. १९८० साली जागतिक आरोग्य संघटनेने जगातून देवी गेल्याचं जाहीर केलं. रोग गेला, पण त्याची भीती कांजण्यांच्या वाट्याला आली, आणि कांजण्यांना छोटी माता म्हणायची पद्धत राहिली. विषाणू मात्र अगदी वेगळे. देवीचे सगळे फोड एकाच टप्प्यावर असत आणि हातापायांवर, तळव्यांवर दाट असत.

दाराला कडुनिंबाची डहाळी लावायची, पाहुण्यांनी यायचं नाही, जेवण साधं करायचं. या तिन्ही गोष्टींत शहाणपण आहे असं आम्हाला मनापासून वाटतं. डहाळी पाहून येणारा माणूस दारातूनच परततो. "कुणाला बोलू नकोस" हे मात्र मान्य करता येत नाही. कारण दार बंद होतं ते फोड दिसल्यावर, आणि कांजण्या पसरू लागतात फोड दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून. श्वासावाटे, हवेतून, फोडातल्या पाण्यातून. घरात ज्यांना कांजण्या झालेल्या नाहीत आणि लसही मिळालेली नाही, अशा दहांपैकी नऊ जणांपर्यंत त्या पोचू शकतात. रंगपंचमीला अंगणात ही मुलगी भावांच्या गालाला रंग लावत होती, तेव्हाच ती देणं देऊन बसली होती. आता गप्प राहून काय वाचणार?

त्या दुपारी आईने चार फोन केले. या माहितीपटातली आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची पंधरा मिनिटं हीच.

पहिला फोन बालरोगतज्ज्ञांना, जाण्याआधी. दवाखान्याच्या बाकावर आठवड्याचं बाळ घेऊन कुणी बसलेलं असतं. त्यांनी मुलीला शेवटी बोलावलं, बाजूच्या दाराने.

दुसरा बालवाडीच्या ताईंना. त्यांनी सांगितलं, वर्गातला एक मुलगा होळीच्या आधीपासून येत नाही. संसर्ग झाल्यापासून फोड दिसेपर्यंत १० ते २१ दिवस जातात, बहुधा दोन आठवडे. हिशोब जुळला.

तिसरा नणंदेला, राजेंद्रनगरला. मोठ्या भाच्याचे लसीचे दोन्ही डोस झालेले. धाकट्याचा एकही नाही. संपर्कानंतर तीन दिवसांत, फार तर पाच, लस दिली तर कांजण्या टळू शकतात किंवा हलक्या जातात. दुसऱ्याच दिवशी धाकट्याला लस मिळाली. फोन आठवड्याने गेला असता, तर ही संधी हातची गेली असती. पुढे कधीपासून कधीपर्यंत बघायचं, तेही आईने सणांवरून सांगून टाकलं. "पाडव्याच्या आदल्या दिवसापासून रामनवमी उलटून दोन दिवस जाईपर्यंत रोज पोट बघा."

चौथा फोन वरच्या मजल्यावर. धाकटी जाऊ पाच महिन्यांची गरोदर. जिना उतरून खाली यायच्या आत तिला सांगायला हवं होतं. "वहिनी, मला झाल्या होत्या की नाही, आठवत नाही हो." धारला तिच्या आईला विचारलं. दुसरीत असताना झाल्या होत्या, सगळ्या अंगभर. घरातल्या सगळ्यांनी श्वास सोडला. एकदा झालेल्या माणसाला सहसा पुन्हा होत नाहीत. तरी तिने आपल्या डॉक्टरांना कळवलं, आणि ते बरोबरच. ज्या गरोदर बाईला कांजण्या झालेल्या नाहीत, तिने त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावं. तिला स्वतःला न्यूमोनियाचा धोका असतो. पहिल्या निम्म्या दिवसांत गर्भाला अपाय होऊ शकतो, आणि बाळंतपणाच्या आसपास नवजात बाळाला.

आजोबांचा प्रश्न राहिला. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या कमरेला नागीण झाली होती. नागीण आणि कांजण्या, विषाणू एकच. कांजण्या बऱ्या झाल्या तरी तो मज्जातंतूंच्या मुळाशी झोपून राहतो आणि पुष्कळ वर्षांनी नागीण होऊन उठतो. नातीपासून आजोबांना नागीण होत नाही. उलट, अंगावर ओली नागीण असलेल्या आजोबांकडून नातीला कांजण्या होऊ शकतात.

(दृश्य – रात्र. मंद दिवा. पलंगावर आई आणि मुलगी.)

सौम्य कांजण्यांत औषधाचं काम थोडं असतं, रात्र काढण्याचं जास्त. खाज रात्री वाढते. "आजी, तू हात धर ना माझा," असं ती म्हणाली, आणि दोन रात्री आजी हात धरून बसून राहिल्या.

पहिल्याच दिवशी नखं कापली, कडा घासून गुळगुळीत केल्या. झोपताना हातात स्वच्छ सुती मोजे. फोडांवर कॅलामाईन, टिपून लावलेलं, चोळून नाही. खाज सोसवेना तेव्हा गार पाण्यात पिळलेला मऊ पंचा. डॉक्टरांनी खाजेचं औषध दिलं होतं, ते रात्रीपुरतं. सैल, जुना, धुऊन मऊ झालेला सुती झबला.

आंघोळीवरून घरात वाद झाला. "आई, डॉक्टर रोज आंघोळ घाला म्हणाले आहेत. तुम्ही पाण्यात कडुनिंब टाका, मी घालते." असं ठरलं. कोमट पाणी, अंग न घासता, पंच्याने टिपून. अस्वच्छ कातडीवर खाजवलं की फोड चिघळतात, वण राहतात. पाल्याने फोड चोळू नयेत. हळद-तेलाचे लेप, पावडर काही नको.

तोंडातही दोन फोड आले होते. त्यामुळे जिरावण मसाला घातलेले पोहे बंद. मऊ भात, सायीचं दही, ताक, पेज, शहाळं. फोडणी नसलेलं वरण तिने आवडीने खाल्लं. त्यात आजी जिंकल्या.

तापासाठी फक्त पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे. इथे थांबून ऐका. एकाच नावाच्या बाटल्या वेगवेगळ्या ताकदीच्या असतात. थेंबांची वेगळी, साध्या सिरपची वेगळी, दुप्पट ताकदीच्या सिरपची वेगळी. मागच्या वेळचा चमचा या वेळच्या बाटलीला लावू नका. ॲस्पिरिन कधीच द्यायचं नाही. कांजण्यांत त्याने मेंदूला आणि यकृताला गंभीर इजा होऊ शकते. आयबुप्रोफेनही टाळायचं, कातडीत खोल जंतुसंसर्ग होण्याशी त्याचा संबंध दिसला आहे.

आणि आता ते, ज्यासाठी रात्र असली तरी निघायचं. ताप चार दिवसांपेक्षा जास्त राहिला, किंवा उतरून परत चढला. एखाद्या फोडाभोवती कातडी लाल, गरम, सुजलेली, पू भरलेली. मूल उठवून उठत नाही, चालताना झोकांड्या जातात, मान ताठ, उलट्या थांबत नाहीत, श्वास जोरात चालतो. डोळ्यात फोड. घरात महिन्याच्या आतलं बाळ असेल, किंवा कुणी स्टिरॉइडवर, कर्करोगाच्या उपचारांवर असेल, तर त्यांच्यासाठी कांजण्या सौम्य धरायच्याच नाहीत. डॉक्टरांना तेव्हाच कळवा.

(दृश्य – इंजेक्शनची छोटी कुपी. लसीकरणाचं कार्ड.)

ही लस जपानच्या डॉ. मिचिआकी ताकाहाशी यांनी १९७४ मध्ये तयार केली. त्यांच्या स्वतःच्या लहान मुलाला कांजण्यांचा फार त्रास झाला होता, तो पाहून ते या कामाला लागले. आपल्याकडे पहिला डोस पंधराव्या महिन्यानंतर देतात, दुसरा केव्हा ते आपले बालरोगतज्ज्ञ सांगतात. सरकारी मोफत लसीकरणात ही लस नाही, खासगी दवाखान्यात विकत घ्यावी लागते. म्हणूनच कितीतरी घरांत ती राहून जाते. या घरातही राहूनच गेली होती.

(दृश्य – दारावरची डहाळी, पानं सुकलेली.)

सहाव्या दिवशी शेवटच्या फोडाने खपली धरली. सगळ्या खपल्या कोरड्या झाल्या की मूल दुसऱ्याला देत नाही. त्या गळून पडेपर्यंत घरी ठेवायची गरज नसते. पाडव्याला मुलीने गुढीला गाठी बांधली. कपाळावरची एक खपली तिने उपटलीच, तिथे खड्डा राहिला आहे.

तृतीयेला चैत्रगौर बसली. आजी कैरीची डाळ वाटत होत्या, तेवढ्यात राजेंद्रनगरहून फोन आला. धाकट्याच्या पोटावर ठिपके. मोजून अकरा. ताप नाही, खेळतोय.

आजींनी ओला हात पदराला पुसला, फोन घेतला आणि नेहमीच्या मोठ्या आवाजात विचारलं,

"अगं, नखं कापलीस का त्याची? आणि त्याच्या बालवाडीत कळवलंस का?"