वाटीभर वाल

(पडदा काळा. स्टीलच्या पातेल्यात कडधान्य पडल्याचा आवाज. मागोमाग पाण्याची धार.)

शनिवार, रात्रीचे साडेदहा. लालबागमधली एक चाळ, दुसरा मजला, 10 बाय 12 ची खोली. माझी आई सोमवारच्या जेवणाला लागली आहे.

दोन वाट्या कडवे वाल तिने ताटात पसरून निवडले. एक किडका निघाला, दोन खडे निघाले. मग वाल पातेल्यात, वर चार बोटं पाणी, झाकण, आणि दिवा बंद.

श्रावणी सोमवारचा उपास संध्याकाळी सुटतो आणि आमच्याकडे त्या पानात वालाचं बिरडं असतंच. भाजी बदलते, गोड बदलतं, बिरडं तेच. मी ते लहानपणापासून खाते आहे. तरी ते दोन रात्री आधी सुरू होतं, हे कॅमेरा घेऊन आईच्या शेजारी बसेपर्यंत माझ्या कधी नीट लक्षातच आलं नव्हतं. मला वाटायचं, आई ते सोमवारी करते.

(रविवार, पहाट. दादर स्टेशन, पश्चिम बाजू. ओले रस्ते, बेलाच्या जुड्या, शेवंतीचे ढीग.)

आई वाल उपसून, ओल्या फडक्यात घट्ट बांधून, रोवळीत ठेवून आली आहे. आता आम्ही दादरला.

रानभाज्या विकणाऱ्या या बायका पालघरकडून, डहाणूकडून पहिल्या गाड्यांनी येतात. 2013 साली लोकल विरारच्या पुढे डहाणूपर्यंत गेली. त्या रुळांवरून रोज रानभाजीही शहरात येते. जूनमध्ये यांच्याकडे शेवळं होती आणि शेवळांसोबत काकडं, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाला खाजतात. आता श्रावणात कंटोळी आहेत, टाकळा आहे, कुर्डू आहे. यातलं बरंच काही कुणी पेरलेलं नाही. पाऊस पडला, माळावर उगवलं, हातांनी खुडलं, फडक्यात बांधलं आणि गाडीत चढवलं.

आई टाकळ्याची जुडी उचलते. मावशी विचारल्याशिवायच सांगू लागते, "पाणी नको घालू हां. धुतल्याचं पाणी पुरतं. खोबरं घाल वरून मूठभर." पाककृती भाजीबरोबर मिळते, वेगळी मागावी लागत नाही. मी गेल्या काही महिन्यांत जेवढं शिकले, त्यातलं निम्मं अशा टोपल्यांसमोर उभी राहून शिकले.

दोन पावलांवर आणखी एक बाई वाटीच्या मापाने डाळिंब्या, म्हणजे सोललेले वाल, विकते आहे. भिजवलेल्या, मोड आणलेल्या, एकेक सोललेल्या. मला इथे थांबून काही म्हणायचं आहे. घरी सगळं मुळापासून करणारी माणसं अशा वेळी स्वतःला दोष देताना मी पाहिली आहेत. आयतं घेतलं म्हणजे जणू फसवलं. मला ते अजिबात पटत नाही. या डाळिंब्यांत वाल आणि पाणी याखेरीज काहीही नाही. ज्यांना दोन रात्री मिळत नाहीत, त्यांनी या निःशंक घ्याव्यात. कुणाच्या तरी हातांनी ते काम केलं आहे, आणि त्याचे पैसे त्या हातांत पडत आहेत.

(लालबाग. पट्ट्याचा खडखडाट. पांढरी धूळ उडणारं दार.)

पिठाची गिरणी. रविवारी इथे डब्यांची रांग लागते.

गिरणगावात गिरणी म्हटलं की आधी भोंगा आठवतो. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर एकेक भोंगा बंद होत गेला. कापडाच्या गिरण्यांच्या जागी आता काचेच्या इमारती आहेत. पिठाची ही गिरणी मात्र चालू आहे.

आईच्या डब्यात मालदांडी ज्वारी आहे, मंगळवेढ्याकडची. ती डबा खाली ठेवताना एकच वाक्य बोलते, "ज्वारीवरच दळा हं." गिरणीवालेही मान हलवतात, "काकी, मागे दोन डबे ज्वारीच आहे." आधी गहू किंवा हरभरा दळला असेल तर जात्यात राहिलेलं पीठ पुढच्या डब्यात उतरतं. म्हणून इथली रांग नुसती आधी कोण आलं यावर लागत नाही, कुणाच्या डब्यात काय आहे यावरही लागते.

ज्वारी आई एका वेळी दोन किलोच दळते. हे पीठ टिकत नाही. दिवस गेले की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेने फाटते. ज्वारीत गव्हासारखं ग्लुटेन नसतं, त्यामुळे ताणून धरणारं पिठात काही नाही. जो काही चिकटपणा येतो तो कढत पाण्यात पीठ मळल्याने, आणि ताज्या पिठाला तो चांगला येतो. मी दोन वेळा दुकानातल्या पिशवीतलं पीठ आणून भाकऱ्या थापल्या, दोन्ही वेळा तुकडे झाले, आणि मला वाटलं माझ्या हातातच ते नाही. मग आईने गिरणीतून आलेलं, अजून कोमट असलेलं पीठ माझ्यापुढे ठेवलं. पहिलीच भाकरी तव्यावर टम्म फुगली. हात माझेच होते.

आमच्या चाळीचा पुनर्विकास होणार आहे. नकाशे लागले आहेत. त्यात गाड्यांना जागा आहे, व्यायामशाळेला जागा आहे. गिरणी कुठे, असं मी गिरणीवाल्यांना विचारलं. ते म्हणाले, "गाळा मिळेल ताई. पण वर राहणाऱ्यांना आवाज चालेल का, धूळ चालेल का, ते बघायचं." त्यांनी पट्टा चढवला आणि पुढचा डबा ओतला.

(जुनं चित्रण. एप्रिल. लाल मिरच्यांच्या राशी.)

हे चार महिन्यांपूर्वीचं. लालबागची मसाल्याची दुकानं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी आणि लवंगी तिखटाला. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते सासूकडून सुनेकडे तोंडी आलेलं. धणे, दगडफूल, चक्रीफूल, नागकेशर, जायपत्री, हळकुंडं. भाजायचं, मग डंखावर कुटायचं. लोखंडी मुसळं एकामागून एक वरखाली होतात आणि रस्त्याच्या टोकापर्यंत ठसका जातो. दळताना मसाला जास्त तापतो, कुटताना कमी, त्यामुळे वास राहतो, असं इथल्या बायका सांगतात आणि डबा भरताना हात नाकाशी नेऊन दाखवतात.

हे काम उन्हाळ्यातच होतं. मुंबईच्या पावसाळी हवेत मिरची वाळतच नाही, तिला बुरशी धरते. एप्रिल-मेचं कडक ऊन वापरून घ्यायचं, बरणीत हिंगाचे खडे टाकायचे, आणि पुढचं वर्ष निघतं. उद्या संध्याकाळी बिरड्यात जाणारा चमचाभर मसाला हाच.

(रविवार दुपार. फडक्यातली पुरचुंडी. खिडकीत पाऊस.)

वाल फडक्यात आहेत. करण्यासारखं काही नाही. तेवढ्यात थोडं बाहेरचं सांगते.

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले कार्लोस मोंतेरो आणि त्यांचे सहकारी यांनी 2009 च्या सुमारास अन्नाकडे बघायची एक वेगळी पद्धत मांडली. पदार्थात साखर किती, चरबी किती हे बाजूला ठेवून त्यांनी विचारलं, या पदार्थावर काय काय केलं गेलं आहे? त्यातून ‘नोव्हा’ ही वर्गवारी आली. पहिल्या गटात धान्य, डाळ, भाजी, दूध, मासे. दुसऱ्यात तेल, मीठ, गूळ यांसारख्या स्वयंपाकाला लागणाऱ्या वस्तू. तिसऱ्यात या दोन्ही गटांतून साध्या रीतीने केलेले पदार्थ. आणि चौथ्यात कारखान्यातली ती मिश्रणं, ज्यांतले बरेच घटक कुणाच्याही फडताळात सापडत नाहीत.

ही वर्गवारी वाचल्यावर मी आमच्या फळीवरच्या वस्तूंकडे पुन्हा पाहिलं. वाडा तालुक्यातला कोलम तांदूळ सडलेला आहे. तूरडाळ भरडलेली आहे. गूळ आटवलेला आहे. प्रक्रिया नाही असं त्यात काहीच नाही. पण प्रत्येक वस्तूचं काय केलं गेलं ते मला एका वाक्यात सांगता येतं. बिस्किटाच्या पुड्यामागची यादी मला तशी सांगता आली नाही. या यादीत घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. एवढं कळलं तरी दुकानात उभं राहून पुष्कळ वाचता येतं.

2019 मध्ये अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांनी 20 माणसांना चार आठवडे आपल्या संस्थेत ठेवून घेतलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं, म्हणजे चौथ्या गटातलं जेवण, दोन आठवडे साधं. दोन्ही ताटांत साखर, चरबी, मीठ, चोथा सारखाच मांडलेला, आणि हवं तेवढं खायची मुभा. पहिल्या प्रकारच्या जेवणात माणसं दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेली. आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये 17 आहारसूत्रं दिली, त्यांतही असे पदार्थ कमी करा असं सांगितलं आहे.

आईने यातलं काही वाचलेलं नाही. तिने फडक्यावर पाण्याचा हबका मारला आणि पुरचुंडी उलटी करून ठेवली.

(रात्र. आजीचा जुना फोटो, मोठी पितळी परात.)

या परातीत माझी आजी एकेकाळी वीस माणसांचं पीठ मळायची. कोकणातून, घाटावरून आलेले गडी एका खोलीत पाळ्या लावून राहायचे आणि जेवायला खानावळीत यायचे. खानावळ म्हणजे अशीच एखादी 10 बाय 12 ची खोली, आणि त्यात एक बाई. अशा बायकांना प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. कापड विणणाऱ्यांना जेवू घालणं हेही गिरणीचंच काम होतं, पण हजेरीपटावर या बायकांचं नाव कधी नव्हतं.

आजीचं आयुष्य त्या परातीपुढे गेलं. म्हणून "घरच्या जेवणाची सर कशाला नाही" असं कुणी म्हटलं की मी आता थांबून बघते, म्हणणाऱ्याचे हात कुठे आहेत.

(सोमवार, पहाटे सहा.)

फडकं सोडलं. मोड आले आहेत, पांढरे, करंगळीच्या नखाएवढे. श्रावणातली दमट हवा मोडांना फार मानवते.

वाल कोमट पाण्यात दहा मिनिटं. टोकाला चिमटा घेतला की डाळिंबी सालातून सटकन बाहेर येते. एकेक. दोन वाट्या वालांचे असे काहीशे चिमटे. इतकी वर्षं आईने हे दुपारी एकटीने केलं. बाबा पाळीवर असायचे, आम्ही शाळेत, आणि संध्याकाळी ताटात बिरडं यायचं.

आज परात मधे आहे. बाबांनी चष्मा लावला आहे. दादाला नऊची लोकल आहे, तरी तो बसला आहे. पहिल्या पाच मिनिटांत त्याच्या निम्म्या डाळिंब्या मोडल्या. आई म्हणाली, "असू दे. रस दाट होईल." चहाचा दुसरा कप होईपर्यंत परात रिकामी झाली. अर्धा तास. मी घड्याळ बघितलं होतं, कारण मला तो आकडा हवा होता. एकटीला दोन तास, चौघांना अर्धा.

(संध्याकाळ. एक शेगडी. कढईत तेल.)

तेलात मोहरी, हिंग, कढीपत्ता, हळद. श्रावण आहे म्हणून लसूण नाही. डाळिंब्या अलगद परतायच्या, मग एप्रिलचा मसाला, मग कढत पाणी. कढईवर ताट, ताटात पाणी. आत वाफ धरून राहते, खाली लागत नाही, आणि पाणी कमी पडलं तर ताटातलं गरमच ओतता येतं.

कोकम शेवटी. आधी आंबट पडलं तर डाळिंब्या शिजत नाहीत, कितीही आच दिली तरी टणक राहतात. बोटात दाबून आई बघते, मान हलवते. चार आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ, ओलं खोबरं, कोथिंबीर.

ती ज्या वासाची वाट बघत होती तो आता येतो. कडवे वाल रायगडात भात कापल्यावर उरल्या ओलीवर घेतात, खतपाण्याचं फार कौतुक न करता. त्यांचा किंचित कडूपणा गूळ आणि कोकमात मुरतो, पण मागे राहतो. मला तोच आवडतो.

पानं वाढली. कोलमचा भात, बिरडं, टाकळ्याची भाजी, ज्वारीची भाकरी, घरच्या सायीचं तूप. दादा आपल्या वाटीतली एक मोडलेली डाळिंबी उचलून मला दाखवतो.

(भांडी घासल्याचा आवाज. रात्रीचे साडेदहा.)

"मटकी आहे ना गं?" आई विचारते.

डबा वरच्या फळीवर असतो. तो मी काढते. ताटात पसरते, खडे बघते. पाणी किती, ते आज बाबा विचारतात.

चार बोटं वर.