एक कोन मोजा, सात फुकट

दादरच्या टिळक ब्रिजचा वरून घेतलेला फोटो डोळ्यासमोर आणा. खाली ट्रॅक, वर आडवा ब्रिज, बघितल्यावर शाळेतल्या पुस्तकातलीच आकृती वाटते, दोन समांतर रेषा आणि त्यांना कापत जाणारी छेदिका. आता यात एक घोळ आहे. ब्रिज आणि रूळ एकमेकांना कुठेच छेदत नाहीत! एक वरून जातो, एक खालून, समांतर पण नाहीत आणि भेटत पण नाहीत, अशा रेषांना विषमतलीय म्हणतात. वरून फोटो काढला की सगळं सपाट होतं, म्हणून छेदल्यासारखं दिसतं. चालेल, आपण फोटोलाच कागद धरू.

दोन ट्रॅक, एक ब्रिज, दोन जागी छेद, प्रत्येक जागी चार कोन, झाले आठ. समजा त्यातला एक 70 अंशांचा आहे. त्याला चिकटून सरळ रेषेवर बसलेला शेजारी 110 चाच असणार, कारण दोघांना मिळून 180 च वाटून घ्यायचेत. आता 70 च्या बरोब्बर समोरचा बघा, त्याची पण याच 110 शी रेषीय जोडी आहे, म्हणजे तो परत 70. विरुद्ध कोन सारखे का, तर एवढंच, पाठ करण्यासारखं त्यात काही नाही. आणि ट्रॅक समांतर आहेत म्हटल्यावर शेजारच्या ट्रॅकवर पण हाच हिशेब, चार 70 चे, चार 110 चे.

रूळ खरोखर एकमेकांना कापतात ते बघायचं तर सीएसएमटीला गाडी आत शिरताना खिडकीतून खाली बघा. खडाखड आवाज येतो, डबा हलतो, दारातले लोक दांडा घट्ट धरतात, ते क्रॉसिंग. तिथे चाकाची आतली कड जायला रुळात थोडी फट ठेवावी लागते, त्या फटीवरून चाक गेलं की आवाज. रेल्वेवाले हा कोन सहसा अंशात बोलत नाहीत, ते म्हणतात वन इन ट्वेल्व्ह, म्हणजे 12 पुढे गेलं की 1 बाजूला. अंशात साधारण 4.76 भरतो, आणि त्याचा पूरक कोन 175.24. वन इन साडेआठ असेल तर 6.71 अंश, वळण जास्त तिखट, गाडी जास्त हळू घ्यावी लागते.

समांतर म्हणजे अंतर सगळीकडे सारखं. आपल्या ब्रॉडगेजचं ते 1676 मिलीमीटर, दोन रुळांच्या आतल्या कडांमधलं. पण ट्रॅकमन गेज, म्हणजे हे अंतर मोजायचं साधन, रुळांवर ठेवतो ते काटकोनातच ठेवावं लागतं, टेपने मोजलं आणि टेप 10 अंश तिरकी गेली तर तेच अंतर 1702 दाखवेल, रूळ जागच्या जागी आणि हिशेब 26 मिलीमीटरने बाहेर.

आता जरा उलटं. कंपासपेटीतला गुण्या घ्या, पट्टीला टेकवा, रेघ मारा, गुण्या पट्टीवर खाली सरकवा, परत रेघ मारा. झाल्या समांतर रेषा, अंतर मोजलंच नाही! पट्टी झाली छेदिका, गुण्याचा कोन तोच राहिला म्हणून संगत कोन, म्हणजे दोन्ही छेदांवर एकाच जागी बसलेले कोन, सारखे, आणि ते सारखे म्हणून रेघा समांतर. ब्रिजवर आपण समांतरवरून कोन काढले, इथे कोनावरून समांतर काढलं.

बऱ्याच पोरांना हे दोन्ही एकच वाटतं, आणि माझ्या मते पुस्तकं पण यावर फार घाई करतात. ग्रीक गणितज्ञ युक्लिडने इसवी सन पूर्व 300 च्या सुमारास आपल्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथात ही दोन विधानं वेगळी ठेवली. व्युत्क्रम कोन (दोन रेषांच्या आतले, छेदिकेच्या विरुद्ध बाजूंचे) समान तर रेषा समांतर, हे पहिल्या भागातलं 27 वं, ते त्याने पाचव्या गृहीतकाशिवाय सिद्ध केलं. गृहीतक म्हणजे सिद्ध न करता धरून चाललेलं विधान, आणि पाचवं म्हणतं, छेदिकेच्या एका बाजूच्या आतल्या दोन कोनांची बेरीज 180 पेक्षा कमी असेल तर रेषा त्या बाजूला भेटतात. उलटं विधान 29 वं, आणि तिथे त्याला पाचवं गृहीतक पहिल्यांदाच वापरावं लागलं. ते गृहीतक बाकीच्यांवरून सिद्ध करायला लोक पुढे शतकानुशतकं धडपडले, कोणालाच जमलं नाही, आणि 19 व्या शतकात लोबाचेव्हस्की आणि बोल्याई या गणितज्ञांनी ते सोडून देऊन चक्क दुसरी भूमिती उभी केली. तिथे 27 वं चालतं, 29 वं नाही.

म्हणून पेपरात ‘व्युत्क्रम कोन कसोटी’ लिहायचं तिथे नुसतं ‘व्युत्क्रम कोन’ लिहिलं आणि सरांनी मार्क कापला तर सर खडूस आहेत असं नाही, तुम्ही दिलेलं कारण उलट्या विधानाचं आहे.